डायग्राम नसलेलं कार्ड कसं तपासायचं : एक ट्रान्सफॉर्मर, एक रेझिस्टर आणि जुना स्टोरेज स्कोप

इचलकरंजीत मी मागांची कार्डं, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, दुरुस्त करतो. साध्या यंत्रमागाला कार्ड नसतं, माझं काम एअरजेट आणि रेपिअर मागांचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कार्डांचा डायग्राम, म्हणजे सर्किटचा नकाशा, कंपनी देत नाही. मूळ कार्ड जपानी, त्यावर एकदा कुणीतरी हात फिरवलेला, मग आमच्याच गावातल्या एखाद्याने वरून ओढलेली वायर. दोन-तीन आयसींचे (चिपांचे) नंबर सँडपेपरने घासलेले. आणि मालक काउंटरवर उभे : “भाऊ, संध्याकाळपर्यंत होईल ना? माग बंद पडलाय.”

अशा कार्डाला वीज देऊन तपासायची घाई करू नका. काय बिघडलंय ते माहीत नसताना वीज दिली की बिघाड एकाचा दोन होतो. मी वीज न देता तपासतो. कार्डावरच्या कुठल्याही दोन बिंदूंमध्ये थोडासा एसी सोडायचा आणि तिथे व्होल्टेजबरोबर करंट कसा बदलतो त्याचं चित्र स्कोपवर, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, बघायचं. परदेशात या जोडणीला कुणी ‘ऑक्टोपस’ म्हणतात, बाजारात हेच काम करणारी ‘ट्रॅकर’ नावाची महागडी यंत्रंही मिळतात. आपल्याला खर्च करायची गरज नाही.

साहित्य आणि जोडणी

२३० व्होल्टवरून ६ व्होल्ट देणारा, ५०० मिलिॲम्पिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या. ६-०-६ मिळाला तर ० आणि एकीकडचे ६ वापरा, तिसरी वायर टेप लावून बाजूला ठेवा. प्रायमरीला (२३० व्होल्टच्या बाजूला) १०० मिलिॲम्पिअरचा फ्यूज. त्याशिवाय १ किलोओहम, ४७० ओहम आणि ८२ ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर, एक टॉगल स्विच, दोन प्रोब.

सेकंडरीच्या (६ व्होल्टच्या बाजूच्या) एका टोकाला ‘अ’ म्हणू, दुसऱ्याला ‘ब’. ‘अ’ थेट लाल प्रोबला. काळ्या प्रोबपासून १ किलोओहम घालून ‘ब’ ला. स्कोपची ग्राउंड क्लिप काळ्या प्रोबवर, एक्स चॅनेल लाल प्रोबवर, वाय चॅनेल ‘ब’ वर. झालं. एक्स म्हणजे तपासायच्या वस्तूवरचं व्होल्टेज. वाय म्हणजे १ किलोओहमवरचं व्होल्टेज, अर्थात १ व्होल्टला १ मिलिॲम्पिअर करंट. हाच रेझिस्टर करंट मोजतो आणि हाच करंटला आवर घालतो : प्रोब एकमेकांना चिकटले तरी साडेआठ-नऊ मिलिॲम्पिअरच्या वर शिखर जात नाही.

इतकं व्होल्टेज नाजूक आयसींना नको. म्हणून टॉगल स्विचवर दुसरी रेंज काढा : ‘अ’ आणि ‘ब’ च्या मध्ये ४७० आणि ८२ ओहम सिरीजमध्ये, ८२ ‘ब’ कडे, आणि दोघांच्या सांध्यावरून लाल प्रोब. तिथे शिखर सव्वा व्होल्टच्या आसपास राहतं. लॉजिक आयसी, मायक्रोकंट्रोलर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी याच रेंजवर बघायचे.

वायचा करंट या जोडणीत उलटा येतो. रेझिस्टरची रेघ डावीकडून उजवीकडे चढायच्या ऐवजी उतरताना दिसेल. वाय चॅनेलला इन्व्हर्टचं बटण असेल तर दाबा. नसेल तर तसंच चालवा, आठवड्यात डोळ्यांना सवय होते. पुढे मी जे आकार सांगतोय ते इन्व्हर्ट केल्यावरचे.

प्रोब टेकवण्याआधी

स्कोपचं ग्राउंड म्हणजे भिंतीतलं अर्थिंग, त्यामुळे काळा प्रोबही अर्थला जोडलेला. कार्ड मागातून पूर्ण काढलेलं हवं, एकही केबल लटकत नको. अर्थिंगची पिन काढून स्कोप ‘तरंगता’ करणारे कारागीर मी पाहिलेत, तसं करू नका. ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचाच हवा. ऑटोट्रान्सफॉर्मर अजिबात नाही.

एसएमपीएसचा (कार्डाला वीज पुरवणाऱ्या भागाचा) मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असू शकतो, मागाची वीज काढून तास झाला तरी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची फुशारकी नको. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या पायांवर पंधरा-वीस सेकंद धरा, मग मीटरने शून्य आहे का ते बघा.

आणि कार्ड ब्रशने साफ करून घ्या. आमच्याकडे सुताचा बारीक कचरा पायांच्या मध्ये बसतो, त्यात कारखान्यातली दमट हवा आणि तेल. तो कचराच करंट गळू देतो, आणि आपण निर्दोष आयसीला दोषी ठरवतो.

सुटे भाग आधी ओळखा

कार्डाला हात लावण्याआधी एक संध्याकाळ सुट्या भागांवर घालवा. दोन्ही चॅनेल २ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर ठेवा. प्रोब मोकळे असताना आडवी रेघ : व्होल्टेज आहे, करंट नाही. प्रोब चिकटवले की उभी रेघ. १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की बरोबर ४५ अंशांची तिरकी. १० किलोओहमची जवळजवळ झोपलेली, १०० ओहमची जवळजवळ उभी.

कपॅसिटरची गंमत वेगळी. ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर पडद्यावर जवळपास गोल चकती येते, कारण ५० हर्ट्झला त्याचा अडथळा आपल्या १ किलोओहमच्या अगदी जवळ आहे. १ मायक्रोफॅरडला आडवी लंबगोल, १० मायक्रोफॅरडला उभी आणि बारीक. १०० मायक्रोफॅरड शॉर्टसारखाच दिसतो, त्यामुळे मोठ्या कपॅसिटरचा निकाल या यंत्रावर लावू नका. काही शे पिकोफॅरडचा असेल तर काहीच दिसणार नाही. मधल्या मापाच्या कपॅसिटरचा लंबगोल सरळ न राहता एका बाजूला कलला असेल तर तो गळतोय असं समजा.

डायोड काटकोन काढतो. एका बाजूला आडवी रेघ, दुसऱ्या बाजूला ०.६ व्होल्टच्या आसपास सरळ वर. शॉट्कीचा कोपरा शून्याच्या जास्त जवळ, लाल एलईडीचा पावणेदोन व्होल्टच्या आसपास. ५.१ व्होल्टचा झेनर दोन कोपरे दाखवतो, एक पुढे ०.६ ला आणि एक मागे ५ ला. १२ व्होल्टचा झेनर मात्र इथे साधा डायोडच दिसेल, कारण आपलं शिखर तिथवर पोचत नाही. कोपऱ्याची धार बघायची सवय लावा. चांगल्या डायोडचा कोपरा पत्र्याच्या घडीसारखा, बिघडू लागलेल्याचा वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा.

ट्रान्झिस्टरवर मी नवीन पोरांना सगळ्यात आधी बसवतो. बीसी५४७ घ्या. बेस आणि कलेक्टर : साधा डायोड. बेस आणि एमिटर : पुढे डायोड, आणि मागे सात-आठ व्होल्टच्या सुमाराला रेघ अचानक खाली कोसळते. बेस-एमिटर जंक्शन उलट्या व्होल्टेजला लवकर हार मानतं, कलेक्टरचं मानत नाही. म्हणजे नंबर घासलेल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर कुठला आणि कलेक्टर कुठला, हे दहा सेकंदांत कळतं. फक्त प्रोब तिथे धरून गप्पा मारत बसू नका, असं उलटं मोडत राहिलं की ट्रान्झिस्टरचा गेन उतरतो.

आठवण ठेवणारा पडदा

हे सगळं कुठल्याही स्कोपवर होतं. पण कार्डावर गेलं की अडचण येते : एका बिंदूवर रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर, आयसीचे आतले डायोड सगळे मिळून एकच वाकडातिकडा आकार काढतात. तो बरोबर की चूक हे त्या एका आकारावरून सांगता येत नाही, चांगल्या आकाराशेजारी ठेवूनच सांगता येतं. प्रोब चांगल्या कार्डावरून उचलून खराब कार्डावर टेकवेपर्यंत पहिला आकार डोक्यातून गेलेला असतो. मी पूर्वी ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट पडद्यावर चिकटवून मार्करने आकार गिरवायचो. हात थरथरला की चांगलं कार्डही नापास.

मग एका लिलावात टेक्ट्रॉनिक्सचा ५६४ मिळाला, पडद्यावरचं चित्र साठवून ठेवणारा स्टोरेज स्कोप. दोन माणसांनी उचलायचा डबा, वर धूळ, पाठीमागे कोळ्याचं घर. माझ्या पुतण्याने विचारलं, “काका, हा टीव्ही आहे का?” एका अर्थी त्याचं चुकलं नव्हतं.

टेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडची कंपनी. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये सुरू केली. १९४७ मधला त्यांचा ५११ स्कोप सिग्नल आल्यावरच रेघ सुरू करायचा, म्हणून चित्र पडद्यावर स्थिर राहायचं. पण स्थिर म्हणजे साठवलेलं नव्हे. सिग्नल गेला की चित्र गेलं. चित्र पडद्यातच धरून ठेवायची युक्ती वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत अँड्र्यू हेफ यांनी १९४७ च्या सुमारास दाखवली होती. १९५० च्या दशकात ह्यूजेस कंपनीने तसा मेमोस्कोप विकला. त्यात चित्र साठवायला फॉस्फरच्या (पडद्यावरच्या उजळणाऱ्या थराच्या) मागे बारीक जाळी असायची, आणि ती नाजूक. टेक्ट्रॉनिक्समधल्या रॉबर्ट अँडरसन यांनी जाळी काढूनच टाकली. पारदर्शक वाहक थरावर फॉस्फरचा पातळ, सच्छिद्र थर द्यायचा, उजळायचं आणि साठवायचं दोन्ही कामं त्यानेच करायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा ५६४ त्या नळीवर उभा आहे, आणि अँडरसन यांचं पेटंट डिसेंबर १९६६ मध्ये मंजूर झालं.

आत काय चालतं ते कळलं तर बटणं नीट वापरता येतात, म्हणून थोडं सांगतो. लिहिणाऱ्या गनचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) वेगवान इलेक्ट्रॉन फॉस्फरवर आपटला की एकाच्या बदल्यात एकाहून जास्त इलेक्ट्रॉन उडवतो, त्यामुळे तो ठिपका पॉझिटिव्ह होतो. शिवाय नळीत फ्लड गन असतात, त्या सगळ्या पडद्यावर संथ इलेक्ट्रॉनांचा सडा सतत शिंपत असतात. पॉझिटिव्ह ठिपका त्यांना जोरात खेचतो, ते जोरात आपटतात, ठिपका उजळतो आणि पुन्हा पॉझिटिव्हच राहतो. कोऱ्या जागेवर तेच इलेक्ट्रॉन इतके मंद पोचतात की काही उडवू शकत नाहीत, ती जागा काळीच राहते. दिव्याचं बटण जसं मधे अडकून राहत नाही, वर किंवा खाली, तसा प्रत्येक ठिपका. मेमरी चिप नाही, बॅटरी नाही. याच जातीच्या नळीवर टेक्ट्रॉनिक्सने १९७२ मध्ये ४०१० हे कॉम्प्युटर टर्मिनल काढलं. चित्र पुन्हा पुन्हा काढायला लागणारी मेमरी तेव्हा परवडत नव्हती, म्हणून पडद्यालाच मेमरी केलं.

५६४ वर काम असं करा. याच्या समोर दोन खाचा आहेत, डावीकडची वायची, उजवीकडची एक्सची. उजवीकडे टाइम बेसचं, म्हणजे रेघ वेळेनुसार आडवी सरकवणारं, युनिट असतं, ते काढून तिथेही ॲम्प्लिफायरचं युनिट बसवलं की स्कोप एक्स-वाय झाला. वीस मिनिटं तापू द्या. तेज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. तेज वाढवलं तर रेघ जाड होऊन कडेने पसरते, आणि एकाच जागी तळपता ठिपका राहिला तर फॉस्फर कायमचा जळतो. स्टोअर चालू करा, इरेज दाबा. पडदा एकदम हिरवा उजळतो आणि काळा पडतो, अंधाऱ्या खोलीत कुणी काडी ओढून लगेच फुंकावी तसा. आता प्रोब टेकवा, एक-दोन सेकंद धरा आणि उचला. रेघ तिथेच राहील.

प्रोब उचलता-टेकवताना मोकळ्या प्रोबची आडवी रेघही साठते. ती नको असेल तर आधी दोन्ही प्रोब जागेवर टेकवा, मग इरेज दाबा, आकार उमटला की स्टोअर चालू असतानाच तेज पूर्ण खाली करा आणि मग प्रोब उचला. हे शिकायला मला महिना लागला, कारण शिकवायला कुणी नव्हतं.

५६४ चा पडदा वरचा आणि खालचा असा वेगवेगळा साठवता-पुसता येतो. चांगलं वर, संशयित खाली, असं करायचा मोह होतो. मला ते पटत नाही. डोळ्याला दोन आकारांतला बारीक फरक शेजारी ठेवून कळत नाही, एकावर एक ठेवून कळतो. पूर्ण पडद्यावर चांगल्याचा आकार साठवा आणि त्याच्यावरच संशयिताचा लिहा. सारखे असतील तर एकच रेघ दिसेल. वेगळे असतील तर रेघ फाटते, आणि फाटली कुठे ते व्होल्टेजसकट दिसतं.

चांगलं कार्ड नसेल तर

चांगलं कार्ड जवळ असणं ही चैन आहे. माझ्याकडे बहुतेक वेळा एकच कार्ड असतं, आणि ते बिघडलेलं. पण मागाच्या कार्डावर एकच सर्किट पुन्हा पुन्हा आलेलं असतं. आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आठ ड्रायव्हर. आठ सेन्सर, आठ ऑप्टोकपलर (इशारा उजेडाच्या मार्फत पलीकडे पोचवणारे भाग). आठही एकाच वेळी सारखेच बिघडणं अवघड. तेव्हा पहिल्याला चांगला मानून साठवा आणि बाकी सात त्याच्यावर टाका. सहा जुळले आणि एक फाटला तर तो चोर. सातही फाटले तर चोर पहिलाच.

गेल्या उन्हाळ्यातलं एक कार्ड सांगतो. एअरजेट माग, सकाळी व्यवस्थित चालायचा, दुपारी दोननंतर धागा तुटलेला नसताना थांबायचा. जॉबरने (मागाच्या मिस्त्रीने) सेन्सर बदलले, केबल बदलली. सर्व्हिसवाल्यांनी कार्डच बदलायला सांगितलं, आणि किंमत ऐकून मालक माझ्याकडे आले. कार्डावर सेन्सरसाठी ओळीने आठ पीसी८१७ ऑप्टोकपलर होते. मीटरच्या डायोड रेंजवर आठही सारखे. ओहमवर आठही सारखे, दहा किलोच्या आसपास, म्हणजे ५ व्होल्टला जाणारा पुलअप रेझिस्टर, इशारा नसताना तो बिंदू ५ व्होल्टला धरून ठेवणारा.

काळा प्रोब कार्डाच्या ग्राउंडवर पक्का केला आणि ऑप्टोच्या कलेक्टरवर लाल प्रोब टेकवत गेलो, मोठ्या रेंजवर. पहिल्याचा आकार साठवला : उलट्या बाजूला डायोडचा कोपरा, सुलट बाजूला पुलअपची झोपलेली तिरकी रेघ. दुसरा त्याच्यावर बसला, तिसरा, चौथा, पाचवाही. सहावा शून्यापासून तीन व्होल्टपर्यंत बसला आणि तिथून पुढे हळूच वर वाकला. २ व्होल्ट प्रति डिव्हिजनला ते वाकणं जेमतेम दिसत होतं. वाय अर्ध्या व्होल्टवर आणून पुसून पुन्हा काढलं, तेव्हा दोन रेघांमध्ये स्पष्ट फट दिसली.

मीटरला हे का दिसलं नाही? ओहम रेंजवर मीटर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट लावतो, तिथे हा ऑप्टो शहाण्यासारखा वागत होता. डायोड रेंजवर दहा किलोपलीकडे मीटरला काही बघताच येत नाही, आठही ठिकाणी ‘ओएल’, म्हणजे रेंजच्या बाहेर. ऑप्टोचा ट्रान्झिस्टर तीन व्होल्टच्या वर गळत होता. जिथे ५ व्होल्ट राहायला हवेत तिथे साडेतीन राहत असणार, आणि दुपारी कारखाना तापला की आणखी खाली. लॉजिकला वाटायचं की सेन्सरने इशारा दिला. खात्री करायला सोल्डरिंग आयर्नची गरम बाजू ऑप्टोजवळ धरली, न टेकवता. पडद्यावरची रेघ डोळ्यांदेखत आणखी वाकली. ऑप्टो बदलला, आठही रेघा एकावर एक बसल्या, मग कार्ड मागावर गेलं.

गरम करून बघायची ही सवय ठेवा, निम्मे ‘दुपारचे’ बिघाड तिथेच उघडे पडतात. हेअर ड्रायर चालतो, फक्त एका वेळी एकाच भागावर वारा जाईल असा पुठ्ठा मधे धरा.

दोन ठिकाणी फसगत होते. सारखी दिसणारी आठ चॅनेल खरोखर सारखी आहेत का ते आधी डोळ्यांनी बघा. पहिल्या किंवा शेवटच्या चॅनेलला कधी वेगळा रेझिस्टर किंवा जादा जंपर असतो. आणि फाटलेली रेघ त्या बिंदूचा दोष सांगते, भागाचा नाही. त्या बिंदूवर चार भाग असतील तर एकेकाचा पाय सोडवून पुन्हा बघावं लागतं.

काम संपलं की ५६४ वर आकार साठवलेला ठेवून जेवायला जाऊ नका. चित्र तासाभराहून जास्त वेळ तसंच राहिलं तर त्याची सावली पडद्यात उरते. माझ्या नळीच्या उजव्या कोपऱ्यात एका झेनरचा आकार कायमचा बसलाय.

स्टोरेज स्कोप नसेल तर

साधा ॲनालॉग स्कोप आणि मोबाइल पुरतो, पण मोबाइल स्टँडवर हवा, हातात नको, आणि कॅमेरा पडद्याच्या बरोबर मध्यासमोर. बाजूने काढलेल्या दोन फोटोंत एकच रेझिस्टर दोन वेगवेगळ्या उतारांचा दिसतो. डिजिटल स्कोप असेल तर एक्स-वाय लावून टाइम बेस ५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे ५० हर्ट्झची दोन-तीन पूर्ण चक्रं पकडली जातील, आणि पर्सिस्टन्स (रेघ पडद्यावर टिकायचा वेळ) इन्फिनिट करा. दोन्ही प्रोब टेकवल्यावर क्लिअर दाबा, आणि उचलण्याआधी स्टॉप.